आधी काठ, मग पाणी

पोस्टातून निवृत्त झाल्यावर पहिले काही महिने मी स्वयंपाकघरातले डबे घासून काढण्यात घालवले. मग घासायला डबे उरले नाहीत. त्याच सुमारास बारामतीतल्या एका संस्थेतून बोलावणं आलं. आसपासच्या गावांतल्या कॉलेजच्या वयाच्या मुलामुलींसाठी त्यांनी रविवारचा एक उपक्रम सुरू केला होता. जाणत्या माणसांनी आपल्याला जे येतं ते पाच-सहा मुलांना वर्षभर शिकवायचं, त्यांच्याशी बोलायचं, त्यांच्या पाठीशी राहायचं. कुणी घरातलं वायरिंग शिकवणार होतं, कुणी शिवण, कुणी इंग्रजी बोलणं.

"मॅडम, तुम्ही काय शिकवाल?" तिथल्या तरुण कार्यकर्त्यानं विचारलं.

"पोस्टाच्या योजना समजावून सांगू शकेन," मी म्हटलं.

तो सभ्यपणे हसला. "आणखी काही?"

आणखी काय येतं याचा मी खरंच विचार केला. उभा जन्म काउंटरमागे गेला होता. "मला पोहता येतं," मी म्हटलं, आणि म्हटल्यावर माझं मलाच हसू आलं. त्याला मात्र आलं नाही. त्यानं लगेच विचारलं, "मुलींना शिकवाल?"

माझं माहेर काटेवाडी. आमच्या मळ्यातल्या विहिरीत माझ्या थोरल्या चुलत्यांनी भावकीतल्या सगळ्या पोरांना पोहायला शिकवलं होतं, आणि त्यात मुलीही आल्या. लोक नावं ठेवायचे. चुलते म्हणायचे, विहिरीला काय कळतंय पडणारी पोरगी हाय का पोरगा. पाठीला सुका भोपळा बांधून ते आम्हाला ढकलून द्यायचे. पण एका बाबतीत ते फार कडक होते. कुणी बुडताना दिसलं तर आधी काठावरून जे जमेल ते करायचं, दोर टाका, काठी द्या, धोतर सोडून टाका, पण पाण्यात शिरायचं ते अगदी शेवटी. बुडणारा माणूस हाताला लागेल त्याला मिठी मारतो आणि वाचवणाऱ्याला घेऊन तळाला जातो, हे त्यांनी डोळ्यांनी पाहिलं होतं. "आधी काठ, मग पाणी," असं ते आमच्याकडून घोकून घ्यायचे.

ती विहीर आता भावाकडे आहे. पायऱ्या सिमेंटच्या झाल्यात. कालव्याच्या पाझरामुळे उन्हाळ्यातही पाणी टिकतं. भावाला विचारलं तर तो म्हणाला, "रविवारी सकाळी मी मोटर सुरूच करत नाही. घेऊन ये तुझ्या पोरी."

दिवाळी झाल्यावर आम्ही सुरुवात केली. पहिल्या रविवारी सहा मुली आल्या. एक कळंबची होती, अबोल आणि शिस्तीची. ती शेवटपर्यंत माझा उजवा हात राहिली. आणि सगळ्यांत उशिरा, वडिलांच्या मोटरसायकलवर बसून, वरकुट्याची आली. सतरा वर्षांची, काटकुळी, लांब वेणी. वडिलांनी गाडी स्टँडवर लावली आणि मला बाजूला घेऊन म्हणाले, "ताई, आमी रानात शेततळं केलंय. प्लास्टिक टाकलंय त्यात. लय गुळगुळीत असतंय बघा. एकदा माणूस आत घसरला की वर चढायला पाय ठरत न्हाय. घरात कुणालाच पवायला येत न्हाय. एकाला तरी यावं म्हनून आणलीय हिला. आमच्या आईचं काय मत न्हाय, पोरीच्या जातीला पाणी कशाला म्हनती. पर म्या आणली."

आम्ही बोलत होतो तेवढ्यात मागे धप्पकन आवाज झाला. वरकुट्याच्या मुलीनं चपला काढल्या होत्या आणि वरच्या पायरीवरून सरळ विहिरीत उडी मारली होती.

मी साडीवर होते. तशीच पायऱ्या उतरून पाण्यात गेले आणि हाताला आली ती वेणी धरून तिला ओढली. ती खोकत खोकत पायरीवर बसली.

"अगं, पोहता येतं का तुला?"

"न्हाय."

"मग उडी कशाला मारलीस?"

"किती खोल हाय ते बघितलं," ती म्हणाली, अगदी सहज.

बाकीच्या मुली हसल्या. वडीलही हसले. मी त्या दिवशी घरी जाऊन यजमानांना सांगितलं, "एक पोरगी आलीय, तिची मला काळजी वाटते."

ती सगळ्यांच्या आधी शिकली, यात नवल नव्हतं. बाकीच्या मुलींच्या मनातली पाण्याची भीती काढायला महिने गेले. नाक पाण्याखाली घालून बुडबुडे काढायचे एवढ्यासाठीसुद्धा कळंबची मुलगी माझा हात पंधरा-वीस मिनिटं सोडायची नाही. वरकुट्याच्या मुलीत मात्र भीती आधी घालावी लागणार होती, आणि भीती शिकवायची कशी हे मला माहीत नव्हतं. संक्रांतीपर्यंत ती विहीर आडवी पार करायला लागली. होळीपर्यंत तळाला जाऊन मूठभर गाळ वर आणून दाखवायला लागली.

पोहणं संपल्यावर आम्ही पायऱ्यांवर ऊन खात बसायचो. वहिनी चहा पाठवायची. खरं तर उपक्रमातला माझा आवडता भाग तोच. मुली केस वाळवत काहीही बोलायच्या. कुणाला नर्सिंगला जायचं होतं, कुणाच्या घरी स्थळं यायला लागली होती, कुणाचा भाऊ मोबाइल तपासायचा. मी फारसे सल्ले दिले नाहीत. ऐकून घेतलं, आणि विचारलं तेवढंच सांगितलं. काउंटरवर मी अख्खं आयुष्य लोकांचं ऐकलंच होतं, पण तिथं रांग असायची. इथं नव्हती.

चैत्रात मी त्यांना बुडणाऱ्याला वाचवायचं शिकवायला घेतलं. माझा भाऊ बुडण्याचं सोंग करायचा. तो चांगला धिप्पाड आहे आणि त्याला नाटकाची हौस, त्यामुळे तो बोंबलायचाही भरपूर. मुलींनी काठावर पालथं पडायचं, अंग मागं ठेवायचं, रिकामा कॅन त्याच्यापुढं फेकायचा, दोर टाकायचा, दोराचं दुसरं टोक आधी कशाला तरी घट्ट बांधायचं, आणि सतत त्याच्याशी बोलत राहायचं. पाण्यात कुणी पाय घातला की तो धडा परत पहिल्यापासून.

वरकुट्याच्या मुलीला हे अजिबात आवडायचं नाही. "ह्यात काय पवणं हाय, मावशी? नुसतं पालथं पडायचं आन वरडायचं. मला येतंय की पवायला. म्या जाईन आन वढून आणीन."

"माझ्या भावाला ओढून आणशील?"

"व्हय."

"बरं, जा."

ती गेली. भावाला मी आधी खूण केली होती. ती जवळ पोचताच त्यानं तिच्या गळ्याला मिठी मारली आणि दोघंही पाण्याखाली गेली. त्यानं लगेच सोडलं, पण वर आली तेव्हा तिचा चेहरा पांढरा पडला होता. पायरीवर जाऊन बसली आणि त्या दिवशी चहाही घेतला नाही. मला वाटलं, जरा जास्तच झालं. पुढच्या रविवारी ती येते की नाही याची धास्ती वाटत होती. ती आली, पण माझ्याशी जेवढ्यास तेवढं बोलली.

मी सगळ्यांना सांगितलं होतं की ज्यांच्या रानात शेततळं आहे त्यांनी कुंपणाला एक दोर आणि रिकामा कॅन कायमचा बांधून ठेवा. कळंबच्या मुलीनं फोटो काढून दाखवला. वरकुट्याची म्हणाली, "म्या बांधला हुता. पर पप्पांनी दोर सोडून म्हशीला बांधला."

मे महिन्यातली गोष्ट. सकाळचे दहा वाजून गेले असतील. मी अंगणात कुरडया वाळत घालत होते. फोन वाजला. कळंबची मुलगी होती, आणि तिचा आवाज ओळखू येत नव्हता.

"मावशी, वरकुट्याला कायतरी झालंय. माझी मामी हाय तितं. ती म्हनली, तळ्यात कोण तरी बुडालं, सगळं गाव पळालंय. त्यांच्याच तळ्यात, मावशी. म्या तिला किती फोन लावलं, उचलतच न्हाय."

"कोण बुडालं म्हणाली मामी?"

"कळंना. पर ती म्हनली, ती पवायला शिकलेली पोरगी तितं हुती."

मी तिच्या वडिलांचा फोन लावला. लागला नाही. मुलीचा लावला, नुसता वाजत राहिला. यजमान दारात उभे होते. माझ्याकडे बघून त्यांनी काही न विचारता गाडीची किल्ली घेतली.

बारामती ते इंदापूर हा रस्ता मी शेकडो वेळा केला असेन. त्या दिवशी तो संपेना. काटेवाडी गेली, माहेरच्या फाट्याकडे मी बघितलंही नाही. लासुर्ण्याच्या चौकात एक ट्रॉली आडवी उभी होती, तेव्हा मी गाडीतून उतरून त्या ड्रायव्हरवर ओरडले. मी असं कधी कुणावर ओरडत नाही. यजमानांनी मला हाताला धरून परत बसवलं.

माझ्या डोक्यात एकच गोष्ट फिरत होती. हिला पोहता येत नसतं तर ही काठावर उभी राहून रडली असती, आणि जिवंत राहिली असती. तिच्या आजीला मत विचारलं असतं तर तिनं हेच सांगितलं असतं. मी त्या पोरीच्या हातापायांना पाणी ओळखीचं करून दिलं होतं, आणि तिचा स्वभाव माहीत असूनही. तिच्या वडिलांना काय सांगायचं, याची वाक्यं मी मनात जुळवत होते आणि एकही पुरं होत नव्हतं. यजमान म्हणाले, "पाणी पी." मी बाटली हातात घेतली आणि तशीच धरून बसले.

निमगावच्या पुढं आत वळल्यावर मातीच्या रस्त्याकडेला मोटरसायकली लावलेल्या दिसल्या. पलीकडे शेततळ्याचा उंच बांध, आणि बांधावर माणसं. मी गाडी थांबायच्या आधी दार उघडलं. बांध चढताना चप्पल निसटली, ती तशीच सोडली. लोकांनी मला वाट दिली. कुणी तरी म्हणालं, "त्या बारामतीच्या बाई आल्या."

ती कुंपणाच्या खांबाला टेकून उकिडवी बसली होती. अंगावर फिकट निळा ड्रेस होता, आणि तो फक्त कोपरांना आणि पुढच्या बाजूला चिखलानं माखला होता. वेणी खांद्यावरून पुढं आली होती. मी जवळ जाऊन आधी तिच्या डोक्यावर हात ठेवला. तिचे केस कोरडे होते. अगदी कोरडे, उन्हानं तापलेले.

मी तिथंच मातीत बसले. तिनं मान वर करून माझ्याकडे पाहिलं तेव्हा तिचे डोळे भरले.

"मावशी, म्या उडी न्हाय मारली," ती म्हणाली. गुन्हा कबूल करावा तशी.

काय झालं ते तिच्याकडून आणि तिच्या आजीकडून थोडं थोडं कळलं. तिच्या वडिलांचे चुलतभाऊ, ज्यांना ती तात्या म्हणते, त्यांच्या रानातली मोटर बिघडली होती, म्हणून ते ह्या तळ्यातून पाणी घ्यायला आले होते. सक्शन पाइप सरळ करायला कुंपणाच्या आत उतरले आणि प्लास्टिकवरून घसरले. तात्या म्हणजे आडदांड माणूस. पोहता अजिबात येत नाही. वडील इंदापूरला बाजारात होते. रानात ही आणि आजी दोघीच. हाक ऐकून ही पळाली.

"काठावर गेले तर तात्या खाली-वर हुत हुते," ती सांगत होती. "माझं पाय आपसूक उडीला तयार झाले, मावशी. खरं सांगते. आन तवा मला तुमच्या भावाची मिठी आठवली. गळ्याला. म्या मागं सरकले."

फवारणीच्या औषधाचा मोठा रिकामा कॅन पंपाशेजारी पडला होता. तो तिनं फेकला. पहिल्यांदा लांब गेला, पण वाऱ्यानं तात्यांकडे आला आणि त्यांनी तो छातीशी धरला. आता दोर हवा होता, आणि दोर म्हशीच्या गळ्यात होता. म्हैस लांब ओढ्याकडे. मग तिला कुंपणावर वाळत घातलेलं आजीचं नऊवारी लुगडं दिसलं. ते ओढून तिनं एक टोक खांबाला बांधलं, दुसऱ्या टोकाला दगडाची गाठ मारली, पालथी पडली आणि फेकलं. तीनदा चुकलं. चौथ्यांदा तात्यांच्या हाताला लागलं.

"वर वढायला आमच्यात ताकद कुठली," आजी म्हणाली. "म्या आपली लुगडं धरून बसले. ही पालथी पडून बोलतीय, तात्या सोडू नका, तात्या माझ्याकडं बघा, तात्या पाय हलवा. सारखी बडबड. मग पलीकडल्या वस्तीवरची पोरं आली आन त्यांनी वढून काढला."

तात्यांच्या पोटात पाणी गेलं होतं. त्यांना जीपमध्ये घालून इंदापूरला दवाखान्यात नेलं होतं. ते शुद्धीत होते, बोलत होते, असं नेणाऱ्यांचा फोनही आला होता. मुलीचा स्वतःचा फोन घरात चार्जिंगला लावलेला होता. तो वाजत होता आणि घरात कुणी नव्हतं, एवढंच.

मग ती रडत का होती? बांधावर जमलेल्यांपैकी एक जण बोलला होता, "पवायला शिकली म्हनं बारामतीला जाऊन, आन काठावर पडून राहिली. आमी आसतो तर उडी टाकली आसती." तो माणूस अजून तिथंच होता. मी त्याला ओळखत नव्हते. मी उठले आणि त्याला विचारलं, "दादा, तुम्हाला पोहता येतं का?"

"थोडं थोडं."

"तात्यांचं वजन किती असेल? तुमच्या दुप्पट?"

तो तळ्याकडे बघायला लागला.

"ही आत गेली असती तर आज दोघं गेली असती," मी म्हटलं. "मी रस्ताभर तेच धरून आले होते. ती गेली नाही म्हणून तात्या दवाखान्यात बोलताहेत."

आवाज चढवायचा नव्हता, पण चढला. आजी पुढं झाली आणि त्या माणसाला म्हणाली, "ऐकलं का? आन आता माझं लुगडं सोड त्या खांबाचं, गाठ कुणाला निघंना झालीय." त्यावर कुणी तरी हसलं, मग सगळेच हसले, आणि मुलगीही रडता रडता हसली.

वडील तेवढ्यात आले. मोटरसायकल रस्त्यातच टाकून ते बांधावर धावत चढले, लेकीला डोक्यापासून पायापर्यंत पाहिलं आणि तिच्या शेजारी बसले. मग माझ्याकडे वळून म्हणाले, "ताई, दोर मीच सोडला हुता."

"आता बांधा," मी म्हटलं.

आजीनं जेवल्याशिवाय सोडलं नाही. पिठलं, भाकरी, कांदा. सकाळपासून माझ्या पोटात काही नव्हतं, आणि मी किती भाकरी खाल्ल्या ते सांगायची लाज वाटते. जेवताना मुलगी माझ्या शेजारी बसली होती. तिनं हळूच विचारलं, "मावशी, तुमाला वाटलं हुतं व्हय म्या गेले म्हनून?"

"हो."

"मला बी उडी मारावीशी वाटली हुती."

"माहीत आहे मला."

"मग थांबले कशी म्या?"

मी शिकवलं म्हणून थांबली, असं म्हणणं सोपं होतं. पण शिकवलेलं तर सगळ्यांनाच असतं. पाय उडीला तयार असताना ते मागं घ्यायला जे लागतं ते तिचं तिनंच कुठून तरी आणलं होतं. मी तिच्या पाठीवरून हात फिरवला, एवढंच केलं.

परतताना यजमानांनी गाडीत गाणी लावली. लासुर्ण्यापर्यंत मी जागी होते, पुढचं आठवत नाही. बारामतीत घराच्या दारात त्यांनी मला हलवून उठवलं. अंगणातल्या कुरडया शेजारणीनं उचलून ठेवल्या होत्या. मी कळंबच्या मुलीला फोन केला. तिनं नुसतं "बरं, मावशी" म्हटलं आणि फोन न ठेवताच मोठ्यानं रडायला लागली. मी ऐकत राहिले.

संस्थेत वर्षअखेरीला सगळ्या शिकवणाऱ्यांची बैठक झाली. उपक्रमातून तुम्हाला काय मिळालं, असं एकेकाला विचारलं. वायरिंगवाल्यांनी छान भाषण केलं. माझी पाळी आली तेव्हा मी म्हटलं, "पुढच्या वर्षीही मी येणार आहे." तेवढंच सुचलं आणि तेवढंच खरं होतं.

त्यानंतरच्या एका रविवारी विहिरीवर तात्या आले. चांगले ठणठणीत, सोबत बायको. मला वाटलं आभार मानायला आलेत. तात्या नुसते वरच्या पायरीवर जाऊन बसले. पाण्याकडं बघायलाही तयार नव्हते. बायकोनं मात्र बांगड्या काढून त्यांच्या हातात दिल्या, वहिनीकडून ड्रेस मागून घेतला आणि बदलून आली.

"मला शिकवा, मावशी," ती म्हणाली. "ह्यांचं काय खरं न्हाय, ह्ये परत पडतील."

"अगं, हळू बोल की," तात्या वरून म्हणाले.

वरकुट्याच्या मुलीनं तिचा एक हात धरला, मी दुसरा. ती पायरी पायरीनं उतरली, कमरेपर्यंत पाणी आल्यावर दम धरून थांबली, मग छातीपर्यंत आली. मी तिला आडवं व्हायला सांगितलं आणि पोटाखाली हात धरला. तिचं सगळं अंग थरथरत होतं, आणि ती हसतही होती.

"मावशी," तिनं विचारलं, "डोळं मिटू का उघडं ठेवू?"

"उघडे ठेवा," मी म्हटलं.